हिरव्या जाळीआडची कवायत

मोनिका मॅडम आमच्या शाळेत रुजू झाल्या त्या दिवशी जिना चढताना त्यांचा उजवा पाय किंचित मागं राहतोय, हे मुख्याध्यापक आनंदराव सरांनी हेरलं. खेळाची शिक्षिका आणि पायात खोट, म्हणून सर जरा धास्तावले.

"मॅडम, गुडघ्याला काही लागलंय का?"

"म्हशीनं लाथ मारली सर," मोनिका म्हणाली.

सर हळहळले. दुपारच्या सुट्टीत गणिताच्या सरांनी तेच विचारलं, तर त्यांना तिनं सांगितलं की लहानपणी चालत्या मालगाडीतून उडी मारली होती. शिपाईमामांना कळलं ते असं, की चुलतबहिणीच्या वरातीत नाचताना पाय मुरगळला. आठवड्याभरात स्टाफरूममध्ये तीन पक्ष पडले आणि म्हैस खरी की मालगाडी, यावरून डबे खाताना वाद होऊ लागले. मोनिका मध्ये बसून शांतपणे लोणचं चाटत असे.

मी अंजना, त्याच शाळेत विज्ञान शिकवते. आमची शाळा मांडवगण फराट्याच्या अलीकडं, चारी बाजूंनी ऊस आणि मध्ये मुरमाचं मैदान. मोनिका दौंडहून स्कूटीवर यायची. तिचे वडील रेल्वेत पॉइंट्समन होते. रेल्वेच्या वसाहतीत ती वाढली, तिथल्याच मैदानावर पोरांच्यात घुसून फुटबॉल शिकली. नवरा विश्वजीत कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला. तो घरी येतो तेव्हा ही निघते, ही पोचते तेव्हा तो निघतो. "आमची गाठ उंबऱ्यातच पडते," ती सांगायची, "म्हणून तर अजून एकदाबी भांडण न्हाई."

मुलींची फुटबॉल टीम काढायची हे तिचंच डोकं. आनंदराव सर म्हणाले, मुली खो-खो खेळतात की. मोनिका म्हणाली, खो-खोत बसावं लागतं सर, आपल्या पोरींना बसायचा कंटाळा हाय. टीम झाली. प्रगती नावाची दहावीतली मुलगी कॅप्टन झाली, आवाजानं आणि अंगानंही दणकट. आणि पुढं खेळायला माया. नववीतली, बारकी, पण पायात बॉल आला की उसाच्या सरीतून पाणी सुटावं तशी सरळ निघायची.

त्या पहिल्या वर्षी आम्ही दौंडच्या मैदानावर हौसराव मामांच्या टीमशी खेळत होतो. हौसराव मामा म्हणजे तिकडच्या एका शाळेचे जुने कोच. गळ्यात कायम शिट्टी, आणि आमच्या आणि दौंडच्या, दोन्ही तालुक्यांत फुटबॉलचं आपल्याइतकं कुणाला कळत नाही हा ठाम विश्वास. रेल्वे मैदानावर मोनिकाला बॉल मारायला त्यांनीच शिकवलं होतं. सामना रंगात आला होता. मायानं उंच उडी घेतली, बॉलला डोकं लावलं आणि खाली उतरली. तिच्याजवळ कुणीच नव्हतं. पण उतरताना सगळा भार एका पायावर आला, गुडघा आतल्या बाजूला कलला आणि सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. काठावर बसलेल्या मलासुद्धा तो ऐकू आला.

मोनिका धावत मैदानात गेली. तिला धावताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

गुडघ्याच्या आतलं लिगामेंट तुटलं होतं. दोन हाडांना बांधून ठेवणारा दोर असतो, तो. पुण्यात ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी भेटायला गेलो तेव्हा माया भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"मला कुणी ढकललं बी न्हाई मॅडम," ती म्हणाली. "मग तुटलं कसं? माझंच कायतरी चुकलं असंल."

मोनिका खाटेच्या कडेला बसली. "मलापन कुणी ढकललं नव्हतं."

मायानं तोंड वळवलं. "तुम्हाला तर म्हशीनं..."

"म्हैस नव्हती."

मग तिनं सांगितलं. ती कॉलेजात होती, जिल्ह्याच्या निवडीचा सामना होता. अशीच उडी, असंच उतरणं, असाच आवाज. कुणी म्हणालं मुरगळलाय, कुणी हळद बांधली, कुणी म्हणालं पळत राहा, आपोआप मोकळा होईल. ती पळत राहिली. पुढच्या दोन महिन्यांत गुडघ्यातलं जे काही शिल्लक होतं तेही फाटलं. "तुझं चुकलं न्हाई," ती मायाला म्हणाली. "उडी मारायला सगळे शिकवत्यात. उतरायला कुणीच शिकवत न्हाई."

वॉर्डात एक तरुण फिजिओथेरपिस्ट यायची. मोनिकानं तिला गाठलं. ती म्हणाली, या वयात मुलींची उंची भराभर वाढते, पण मांडीच्या मागचे आणि कमरेचे स्नायू तेवढ्या वेगानं तयार होत नाहीत. उतरताना, एकदम वळताना गुडघा आत पडतो आणि घात होतो. मात्र हे बरंचसं टाळता येतं. खेळण्याआधी पंधरा-वीस मिनिटं ठराविक व्यायाम, आठवड्यातून दोन-तीनदा, खंड न पाडता. दुखापत होणारच नाही अशी हमी नाही, पण दुखापती खूप कमी होतात. मोनिका त्या मुलीच्या मागं मागं हिंडली. कॉरिडॉरमध्ये एका पायावर उभी राहिलेली, भिंतीला हात टेकून बैठका मारणारी आमची मोनिका बघायला पेशंटचे नातेवाईक डबे सोडून गोळा व्हायचे.

शाळेत परत आल्यावर तिनं व्यायाम सुरू केले आणि पहिल्या आठवड्यातच सगळं बारगळलं.

मुलींना बॉल हवा होता. "मॅडम, बॉल कवा देनार?" हा एकच प्रश्न. एका पायावर उभं राहायचं, हळू बसायचं, हळू उठायचं, उडी मारून गप उभं राहायचं, यात कसली आलीय मजा? मग मुली उशिरा यायला लागल्या. मोजून व्यायाम संपता संपता. सगळ्यांच्या सायकली एकाच दिवशी पंक्चर झाल्या. एकीची आत्या सारखी आजारी पडायची आणि ती नेमकी मंगळवारी आणि शुक्रवारी. एका मुलीचे वडील तक्रार घेऊन आले, "पोरगी बॉल खेळाया धाडली हुती, तिचा बगळा करून ठिवलाय." आनंदराव सरांनी मोनिकाला बोलावून घेतलं आणि खालच्या आवाजात समजावलं, की हल्ली मुलांना असं एका पायावर उभं करायची शिक्षा देता येत नाही, कायदा झालाय.

मोनिका दोन दिवस गप्प होती. तिचं गप्प असणं मला कधीच सोसत नाही, कारण त्यानंतर काहीतरी होतंच.

सोमवारी तिनं सगळ्या मुलींना सांगितलं, "आजपासून व्यायाम बंद. आल्या आल्या बॉल घ्या." मुलींनी टाळ्या पिटल्या. मग ती प्रगतीला आणि आणखी दोघींना बाजूला घेऊन म्हणाली, "तुम्ही तिघी इकडं या. बाकीच्यांना झेपायचं न्हाई. आन् हे बघा, आत काय चालतं ते बाहेर कुणाला सांगायचं न्हाई. आईला बी न्हाई."

मैदानाच्या कोपऱ्यात तिनं बांबू रोवून हिरवी शेडनेट बांधली होती, शेजारच्या रोपवाटिकेतून मागून आणलेली. तिघी आत गेल्या. प्रगतीच्या पोटात काही राहत नाही, हे मोनिकाला पक्कं ठाऊक होतं. तिला निवडलं होतं ते त्याच गुणासाठी. पण प्रगतीनं कमाल केली. तिनं काय चाललंय ते सांगितलं नाही. फक्त एवढंच सांगितलं, "मला शपथ हाय. न्हाई सांगू शकत."

दुसऱ्या दिवशी बॉल मैदानाच्या मध्यावर एकटा पडला होता आणि उरलेली टीम जाळीला नाक लावून उभी होती.

"मॅडम, आमाला बी घ्या की."

"तुमच्या सायकली पंक्चर होत्या ना?"

"काढल्या पंक्चर."

"आन् आत्याचं कसं?"

"आत्या खडखडीत बरी हाय मॅडम."

मोनिकानं आढेवेढे घेतले. मग म्हणाली, परीक्षा द्यावी लागेल. वर्गातलं एक बाक मैदानात आणलं. त्यावरून उडी मारायची आणि खाली उतरताना आवाज येता कामा नये. "बिबट्या उसातनं जातो, कुणाला ऐकू येतं का? तसं उतरायचं. दोन्ही गुडघे वाकवून, पायाच्या बोटांच्या रेषेत. गुडघे एकमेकांना मुका द्यायला लागले की नापास." आमच्याकडं बिबट्या हा काही गोष्टीतला प्राणी नाही. त्याच्यामुळं अंधार पडायच्या आत सराव संपवून मुलींना टोळीनं घरी पाठवावं लागतं. त्यामुळं मुलींना नेमकं कसं उतरायचं ते लगेच कळलं. रोज एक-दोघी पास होऊन जाळीआड जाऊ लागल्या. ज्या नापास झाल्या त्या घरी ओट्यावरून उड्या मारत बसल्या. बगळ्याची तक्रार करणारे वडीलच एकदा येऊन विचारून गेले, की मॅडम, आमच्या पोरीचा नंबर कवा लागनार?

जाळीआड तेच सगळं चालायचं, जे आधी मैदानात उघड्यावर चालत होतं. संथ पळणं, बाजूनं पळणं, बैठका, एका पायावर तोल धरून समोरचीनं फेकलेला बॉल झेलणं, धावता धावता वळणं. सगळ्यात अवघड एक होता. गुडघ्यावर उभं राहायचं, मागून कुणीतरी घोटे घट्ट दाबून धरायचे आणि पाठ सरळ ठेवून सावकाश पुढं कलत जायचं, अगदी शेवटी हात टेकायचे. मांडीची मागची बाजू पेटल्यासारखी होते. घोटे धरायला माणूस कमी पडला की मला बोलावत. मी विज्ञान शिकवते आणि गुरुत्वाकर्षण म्हणजे काय हे मला त्या महिन्यात कळलं.

हा व्यायाम करताना एकदा प्रगती अर्ध्यावर आली आणि तिला ना पुढं जाता येईना ना मागं. तेव्हा तिनं तोंडातून असा काही "ब्यॅऽऽ" काढला की मी तिचे घोटे सोडून दिले. प्रगतीच्या घरी पूर्वी मेंढरं होती. तिची आजी बानूबाई अजूनही कोकराचा आवाज काढते आणि तो तिनं नातीला नीट शिकवलाय. सगळ्या मुली हसून लोळल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या ब्यॅ करायला लागल्या. मोनिकानं फर्मान काढलं, की व्यायाम संपला की शेवटी सगळ्यांनी मिळून एकदा मनापासून ब्यॅ करायचं.

"हे त्या फिजिओथेरपिस्टनं सांगितलंय?" मी विचारलं.

"न्हाई. हे आपल्याकडून," ती म्हणाली.

बातमी जाळीच्या बाहेर गेलीच. दौंडच्या मोनिकानं पुण्याहून गुप्त ट्रेनिंग आणलंय, जाळीच्या आत काय चालतं कुणाला दिसत नाही, फक्त मेंढरासारखे आवाज येतात. ही बातमी भीमेचा पूल ओलांडून हौसराव मामांच्या कानावर गेली. त्यांनी सरळ फोन केला असता तर मोनिकानं अर्ध्या तासात सगळं सांगितलं असतं. पण ज्या पोरीला आपण बॉल मारायला शिकवलं तिलाच विचारायचं? मामांना ते जमण्यासारखं नव्हतं.

एका दुपारी मैदानाच्या कडेच्या बांधावर एक माणूस शेरडं घेऊन उभा राहिला. डोक्याला टॉवेल, त्याचंच टोक तोंडावर ओढलेलं, डोळ्यांवर काळा गॉगल. शेरडं हिरवा पाला सोडून उन्हात उभी आणि हा माणूस शेरडांकडं न बघता जाळीकडं बघत होता. मोनिकानं एकदाच तिकडं पाहिलं आणि मला म्हणाली, "मॅडम, आज जरा मोठ्यानं बोलू आपण." तिनं जाळीची बांधावरची बाजू वर गुंडाळली, "लई उकडतंय" म्हणत. आणि एकेक व्यायाम असा काही मोठ्यानं सांगत करून घेतला की पलीकडच्या उसातल्या बिबट्यालाही पाठ झाला असता. "गुडघा बोटांच्या रेषेत! आत न्हाई पडू द्यायचा! का? कारन दोर तुटतो!"

शेवटी सगळ्यांनी मिळून ब्यॅ केलं. प्रगतीनं त्या दिवशी जीव ओतला होता.

आणि बांधावरच्या शेरडांनी माना वर केल्या, उत्तर दिलं आणि सगळीच्या सगळी बांध उतरून जाळीत घुसली. मुली किंचाळल्या, शेरडं उधळली, बांबू पडले. तो माणूस "हुर्र, हुर्र" करत मागं धावला. एक काळी शेळी डावीकडं पळाली, तो डावीकडं पळाला. शेळी गपकन उजवीकडं वळली, तोही वळला. म्हणजे वरचा भाग वळला. पाय जागेवरच राहिला.

"आई गंऽऽ!"

तो खाली बसला. टॉवेल सुटला, गॉगल उडाला आणि शर्टातून गळ्यातली शिट्टी बाहेर येऊन लोंबायला लागली. हौसराव मामांना न ओळखणारं तिथं कुणीच नव्हतं.

मोनिका त्यांच्याजवळ गेली, वाकली आणि ती शिट्टी उचलून हळूच परत त्यांच्या शर्टात टाकली.

"कुठलं गाव म्हणायचं पावनं?" तिनं विचारलं.

मामांनी सुटलेला टॉवेल पुन्हा तोंडावर ओढला. "काष्टीच्या बाजाराला चाललो हुतो. शेरडांचा व्यापारी हाय मी."

"काष्टी तर तिकडं ऱ्हायली. इकडं कुठं आलात?"

"शेरडं चरत चरत आली."

"भीमेच्या पुलावरनं?"

"शेरडांचं काय, कुठंबी जात्यात," मामा म्हणाले आणि कळ आली म्हणून त्यांनी डोळे मिटले.

प्रगतीनं ओढणी तोंडात कोंबली होती. मोनिकानं तिला रस्त्यावरच्या रसवंतीतून बर्फ आणायला पिटाळलं. मामांचा पाय लांब करून, गुडघा हातानं चाचपून बघितला. पक्कं डॉक्टरच सांगतील म्हणाली, पण फार काही तुटल्यासारखं दिसत नव्हतं. बर्फ कापडात गुंडाळून बांधताना ती बोलत होती, आणि ते बोलणं मी जन्मात विसरणार नाही.

"पावनं, शेरडू धरायला तुम्ही एकदम वळता, तवा गुडघा असा आत पडतो. ह्याच्यावर आमच्याकडं इलाज हाय. पन ते गुपित हाय. दुसऱ्या शाळेच्या कुनाला कळलं तर आमचं नुकसान व्हईल. तुमचा फुटबॉलशी काय संबंध न्हाई ना?"

"माझा काय संबंध!" मामा म्हणाले.

"मग तुम्हाला सांगायला हरकत न्हाई."

आणि तिनं त्यांना सगळं सांगितलं. कोणता व्यायाम आधी, कोणता नंतर, किती वेळ, आठवड्यातून किती दिवस, कुठं चुका होतात. मुलींना एकेक करून पुन्हा दाखवायला लावलं. "शेरडांमागं पळणाऱ्या पोरी असतील तुमच्याकडं, त्यांच्याकडनं बी करून घ्या. तेरा-चौदा वर्षांच्या असतील तर जास्तच."

"हायेत," मामा म्हणाले. "लई पळत्यात."

"आन् शेवटची ब्यॅ विसरायची न्हाई. ती ऱ्हायली तर सगळं वाया."

मामांनी तिच्याकडं रोखून पाहिलं. "ब्यॅ?"

"ब्यॅ. पोटातनं यायला पायजे. करून दावा."

बर्फ बांधलेला पाय लांब करून, दोन्ही तालुक्यांतले सगळ्यात जाणते फुटबॉल कोच माझ्या डोळ्यांदेखत ब्यॅ म्हणाले. लांबून एका शेळीनं त्यांना ओ दिली.

त्यांना न्यायला पुतण्या पिकअप घेऊन आला. शेरडं चढवली, पण ती काळी शेळी काही सापडली नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेच्या मागं, माझ्या गुलाबाच्या कुंड्यांपाशी सापडली. कुंड्या होत्या, गुलाब नव्हते. प्रगतीनं तिला घरी नेली आणि बानूबाईंनी तिचे असे लाड केले की महिन्याभरात ती ओळखू येईना.

हिवाळ्यात दौंडच्या मैदानावर स्पर्धा भरली. आम्ही टेम्पोनं गेलो, शेळीसकट. "माल ज्याचा त्याला पोचवायला पायजे," मोनिका म्हणाली. टेम्पो मैदानाच्या कडेला लावला आणि आमच्या मुली उतरायच्या आतच समोरच्या बाजूला हौसराव मामांची टीम रांगेत उभी राहिली. मामांच्या पँटच्या आत गुडघ्याला पट्टा होता, तो कापडावरून कळत होता. त्यांनी शिट्टी मारली. त्यांच्या मुलींनी संथ पळायला सुरुवात केली, मग बाजूनं, मग बैठका, मग एका पायावर. क्रम तोच, आणि माझ्या मते आमच्यापेक्षा शिस्तीत. उड्या मारून उतरल्या तेव्हा खरंच आवाज आला नाही. इतर शाळांचे शिक्षक चहाचे कप हातात धरून बघत राहिले.

मग त्या मुली एका ओळीत उभ्या राहिल्या, छाती भरून श्वास घेतला आणि पाहुण्यांच्या मंडपासमोर एका सुरात ओरडल्या, "ब्यॅऽऽ!"

मंडपात प्रमुख पाहुणे दचकून उभे राहिले. आणि आमच्या टेम्पोतून, मालकाकडची हाक ओळखल्यासारखं, काळ्या शेळीनं दणदणीत उत्तर दिलं.

प्रगती मैदानातच खाली बसली. आमच्या अख्ख्या टीमला हसून हसून उभं राहता येईना. सामना सुरू झाला तरी आमची गोलकीपर डोळे पुसत होती आणि तेवढ्यात पहिला गोल झाला. नंतर आम्ही जोर लावला, बरोबरी साधली, पण शेवटच्या मिनिटांत त्यांनी आणखी एक मारला. आम्ही हरलो.

आता मात्र मुलींना हसू येईना. प्रगती मोनिकासमोर येऊन उभी राहिली, लालबुंद. "मॅडम, समदं तुम्हीच शिकवलं त्यांना. आपलं ट्रेनिंग देऊन टाकलं आन् आपनच हारलो."

"हारलो," मोनिका म्हणाली.

"मग कशाला शिकवलं?"

"का? त्यांच्या पोरींचे गुडघे काय प्लास्टिकचे हायेत?"

माया पडली होती ते हेच मैदान. तेव्हा समोरच्या टीमच्या मुली कशा रडत होत्या ते प्रगतीनंही पाहिलं होतं. ती जाऊन पाणी प्यायली आणि थोड्या वेळानं समोरच्या कॅप्टनला ब्यॅचा नेमका सूर कसा लावायचा ते शिकवताना दिसली.

हौसराव मामा शेळी न्यायला टेम्पोपाशी आले. मी बाटल्या गोळा करत होते, त्यामुळं मला ऐकू आलं.

"मला कळलं व्हतं गं," दोर सोडता सोडता ते म्हणाले. "ती ब्यॅ खोटी हाय ते."

"मग का करून घेतली?"

"पोरी व्यायामाला येईनात. सारख्या म्हनायच्या, बॉल द्या, बॉल द्या. ब्यॅ शिकवली तसं येळेवर याया लागल्या. सगळं नीट केलं तरच ब्यॅ, असं सांगितलं मी." ते शेळीच्या पाठीवर हात फिरवत राहिले. "लई खायला घातलंय हिला."

"बानूबाईंनी."

मामांनी दोर मनगटाला गुंडाळला. "मोने, तुझा गुडघा गेला तवा मी तुला म्हनलं व्हतं, पळ, मोकळा हुईल."

"म्हनला व्हता."

"मला तवा ठाव नव्हतं."

"माहितीय मला," मोनिका म्हणाली. "म्हनून तर मी म्हशीचं नाव घेते मामा, तुमचं घेत न्हाई."

मामा एवढ्या मोठ्यानं हसले की शेळी बिचकली. जाताना ते लंगडत होते आणि मोनिका मागून ओरडून सांगत होती, "पट्ट्यानं काय व्हत न्हाई! डॉक्टरला दावा! बैठका मारा रोज!"

त्या हंगामात दोन्ही टीममध्ये घोटे मुरगळले, एकीचं बोट मोडलं, एकीचा दात हलला. गुडघा कुणाचा गेला नाही. एका वर्षावरून काही सिद्ध होत नाही, हे मी स्टाफरूममध्ये स्पष्ट सांगितलं, विज्ञानाची शिक्षिका म्हणून ते माझं कामच आहे. पण आनंदराव सर ऐकायला तयार नाहीत. त्यांनी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेला बैठका मारायला लावलंय आणि स्वतः खुर्चीला धरून मारतात. आसपासच्या शाळांनीही व्यायाम उचललाय, ब्यॅसकट. ती का करायची हे आता कुणी विचारत नाही.

माया परत आली ती वर्ष होत आलं तेव्हा. ऑपरेशननंतर तिचे व्यायाम घरी चालूच होते. फिजिओथेरपिस्टनं दोन्ही पायांची ताकद तपासली, उड्या मारून घेतल्या आणि मगच मैदानात उतरायला परवानगी दिली. पहिले काही दिवस तिनं खेळायचं नव्हतं, फक्त मुलींकडून व्यायाम करून घ्यायचे. जाळी कधीच निघाली होती. माया समोर उभी राहिली, तिनं सगळ्यांवर नजर टाकली आणि ती नजर पालथ्या घातलेल्या बादलीवर येऊन थांबली. बादलीवर मोनिका बसली होती. ती रोज तिथंच बसून सूचना देते.

"मॅडम, तुम्ही?"

"मी काय?"

"उठा. तुमचा बी गुडघा कमजोर हाय. दवाखान्यातल्या ताई म्हनल्या, मोठ्यांनी बी करायचे."

"माझं वय झालं आता."

"ताईंना मी तुमचं वय सांगितलं. त्या म्हनल्या, काय वय झालं न्हाई. दुखलं तर थांबायचं."

मोनिकानं फोन कानाला लावला. "विश्वजीतचा फोन हाय. महत्त्वाचं हाय." पण आमच्या मैदानात त्या कोपऱ्यात रेंज येत नाही, हे सगळ्या शाळेला माहीत आहे. मुलींनी गोल कडं केलं. प्रगती कॉलेजात जायला लागली होती, पण त्या दिवशी मुद्दाम आली होती. तिनं बादली उचलून लांब नेऊन ठेवली.

मग मोनिका उभी राहिली. उजव्या पायावर, डावा उचलून, माझ्या खांद्याला धरून. मायानं सांगितलं, खांदा सोडा. तिनं सोडला. तिचा गुडघा थरथरत होता, कपाळावर घाम आला होता आणि ती दातओठ खात रेल्वे वसाहतीतलं हिंदी पुटपुटत होती. माया तिच्या गुडघ्याकडं टक लावून बघत होती, आत पडतोय का.

थोड्या वेळानं मोनिकाचा डावा अंगठा हळूच मुरमाला लागला.

"मॅडम, पाय टेकला."

"न्हाई टेकला."

"टेकला. मी बघितलं."

"वाऱ्यानं हालला असंल."

मायानं हाताची घडी घातली. "पुन्हा पहिल्यापासनं," ती म्हणाली.